जबडा दुखतो, झोपेत दात खाल्ले जातात: इंदूरकरांसाठी पायरीपायरीने

सकाळी उठल्यावर गाल जड, कानाच्या पुढे ठणका, जांभई देताना 'कट' असा आवाज, दुपारपर्यंत कानशिलं दुखायला लागतात. ही तक्रार घेऊन माणूस आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो. तिथे कान स्वच्छ निघतो. मग डोकेदुखीच्या गोळ्या होतात, चष्म्याचा नंबर तपासून होतो, आणि शेवटी दाताच्या दवाखान्यात पहिल्याच भेटीत नाइट गार्डचं, म्हणजे रात्री दातांवर चढवायच्या आवरणाचं, माप घेतलं जातं. गार्ड वाईट नाही, पण क्रम उलटा झाला. जबड्यावर भार दिवसा पडतो की रात्री, आणि दुखतोय तो स्नायू की सांधा, हे आधी कळायला हवं. ते घरच्या घरी दोन आठवड्यांत बऱ्यापैकी कळतं आणि त्याला पैसे लागत नाहीत.

१. आधी हे वगळा

जबड्याच्या बहुतेक दुखण्यांत घाई नसते. खालच्या गोष्टींत मात्र असते:

- जबड्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हातात कळ: हे हृदयाचं असू शकतं. दाताच्या डॉक्टरला फोन करत बसू नका, थेट आपत्कालीन विभागात जा.
- वय पन्नाशीच्या पुढे, कानशिलात नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना डोक्याची कातडी दुखणं, चावताना जबडा भरून येणं आणि थांबलं की बरं वाटणं, त्यात नजर धूसर: डोक्याच्या रक्तवाहिनीला सूज आलेली असू शकते. दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणून त्याच दिवशी दाखवा.
- जखमेनंतर काही दिवसांनी दातखिळी बसल्यासारखं होणं, मान आखडणं: धनुर्वात असू शकतो. लगेच रुग्णालय.
- ताप, गालाला सूज, गिळायला त्रास: दाढेचा किंवा अक्कलदाढेचा संसर्ग असू शकतो.
- दात घासताना, तोंड धुताना, गार वारा लागताना विजेसारखी क्षणभर चमकणारी कळ: हे नसेचं दुखणं असू शकतं, त्याची औषधं वेगळी.

आणि एक गोष्ट आपल्या भागात वेगळी सांगायलाच हवी. तोंड महिन्यामहिन्याने कमी उघडत चाललंय, तिखट लागलं की आग होते, गाल आतून पांढरट आणि ताठ लागतो, आणि गुटखा, सुपारी, पानमसाला यांची सवय आहे किंवा होती, तर तो जबड्याच्या सांध्याचा आजार समजू नका. ते सुपारीमुळे होणारं फायब्रोसिस (तोंडाचं आतलं अस्तर ताठ होत जाणं) असू शकतं आणि त्यातून पुढे कर्करोगाचा धोका असतो. जबड्याचे व्यायाम करत तीन महिने घालवण्याची ही जागा नाही. सुपारी आजच बंद करा आणि तोंड तपासून घ्या.

२. दुखतंय कुठे, ते बोटांनी शोधा

कानाच्या छिद्राच्या बोटभर पुढे दोन्ही बाजूंना बोटं ठेवा आणि तोंड हळू उघडा-मिटा. बोटाखाली जे हलतं तो खालच्या जबड्याचा गोल माथा. तोंड थोडं उघडेपर्यंत तो बिजागरीसारखा फिरतो, त्यापुढे उतारावरून पुढे सरकतो. माथा आणि कवटीचं हाड यांच्यामध्ये एक पातळ, चिवट चकती असते. ती पुढे घसरलेली असली तर माथा तिच्यावर चढताना 'कट' वाजतं.

आता चार तपासण्या करा, आरशासमोर:

- सांध्यावर बोट दाबलं की दुखतं का?
- दात क्षणभर आवळा. गालाच्या मागच्या भागात जो गोळा टणक होतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. दात सोडून त्याला वरपासून खालपर्यंत दाबत या. मग कानशिलावरचा पंख्यासारखा स्नायू दाबा. रोज होते तीच वेदना इथे दाबल्यावर जागी झाली, तर दुखणं मुख्यतः स्नायूचं आहे. बहुतेकांचं तसंच निघतं, आणि ही चांगली बातमी आहे.
- स्वतःची तीन बोटं (तर्जनी, मधलं, अनामिका) उभी करून पुढच्या दातांमध्ये मावतात का? प्रौढ माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. पट्टी लावून मोजा आणि लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.
- उघडताना हनुवटी एका बाजूला जाते का? जाऊन परत मध्ये आली तर चकती जागेवर येते आहे. एका बाजूलाच राहिली आणि उघडणंही कमी असलं तर त्या बाजूचा सांधा अडतो आहे.

नुसता आवाज येतो, दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतं, असं असेल तर उपचाराची गरज नाही. आवाज घालवण्यासाठी कुणी खर्च सांगितला तर नम्रपणे घरी या. आणि मुद्दाम जबडा हलवून तो वाजतोय का हे दिवसातून दहा वेळा पाहू नका. ही सवय फार जणांना लागते आणि सांधा त्यानेच चिडतो.

३. दोन आठवड्यांची वही

रोज तीन वेळा, म्हणजे उठल्यावर, दुपारी आणि झोपताना, दुखण्याला ० ते १० पैकी आकडा द्या. शेजारी दोन शब्द: काय खाल्लं, झोप कशी झाली, दिवस कसला होता. एवढंच. लांबलचक लिहायला गेलात तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल.

सकाळी जास्त आणि दुपारपर्यंत उतरतं, तर रात्री दात खाल्ले जात असावेत. सकाळी ठीक आणि संध्याकाळी वाढतं, तर दोष दिवसाच्या आवळण्याचा. दोन्ही असणंही अगदी शक्य आहे.

शेजारी झोपणाऱ्याला विचारा: करकर ऐकू येते का, घोरणं आहे का, मध्येच श्वास अडकतो का? दात झिजलेले दिसले म्हणजे आत्ता दात खाल्ले जातात असं नाही, ती झीज दहा वर्षांपूर्वीचीही असू शकते. जिभेच्या कडेला दातांचे ठसे आणि गालाच्या आत पांढरी रेघ ही आवळण्याची खूण असू शकते, पण पुरावा म्हणून कच्ची.

४. दिवसाचं आवळणं सोडवा

सगळ्या लेखात एकच पायरी करायची असेल तर ही करा. गार्डच्या चर्चेत हिला कुणी विचारत नाही.

विश्रांतीत दात एकमेकांना टेकलेले नसतात. ओठ मिटलेले, वरच्या-खालच्या दातांत दोन-तीन मिलिमीटर फट, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकं टेकलेलं. 'न' म्हणा आणि जीभ तिथेच राहू द्या. जबडा आपोआप सैल पडतो. दात टेकायचे ते फक्त चावताना आणि गिळताना. जोरात आवळलेच पाहिजेत असं नाही, नुसते हलके टेकवून तासन् तास बसलं तरी स्नायू थकतो.

आता आवळण्याच्या जागा शोधा. पलासियाच्या सिग्नलवर स्कूटर उभी असताना. खड्ड्यातून गाडी काढताना. सुईत दोरा ओवताना, गॅसचं सिलिंडर उचलताना, मोबाइलवर टाइप करताना, मुलांचा अभ्यास घेताना. खांदा आणि कान यांत फोन दाबून पोळ्या लाटणं तर जबडा आणि मान दोघांनाही एकदम महागात पडतं.

करायचं असं:

- छोटे रंगीत ठिपके आणून मोबाइलच्या पाठीवर, स्कूटरच्या आरशावर, लॅपटॉपच्या कडेला, फ्रिजच्या दारावर चिकटवा. ठिपका दिसला की एकच प्रश्न: दात टेकलेत का?
- टेकले असतील तर ओठ सैल ठेवून हलकी फुंकर बाहेर सोडा, खांदे खाली, 'न'.
- आठ-दहा दिवसांनी ठिपके दिसेनासे होतात, म्हणजे नजर सरावते. तेव्हा रंग आणि जागा बदला.
- कामाला बसताना मोबाइलवर अर्ध्या तासाची टिकटिक लावता आली तर उत्तम.

पहिला आठवडा वैतागाचा असतो, कारण आपण सारखेच आवळतो हे कळतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्नायू दाबल्यावरचं दुखणं उतरायला लागतं.

५. शेक, गोळी आणि पंधरा दिवसांचं खाणं

जुन्या, स्नायूच्या दुखण्याला ओला गरम शेक. टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळा, गालावर आणि कानशिलावर १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोनदा. नुकतीच इजा झाली असेल किंवा सांधा सुजून चिडला असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं. कानात कोमट तेल घालू नका. कान दुखत नाहीये, कानाच्या पुढचा सांधा दुखतोय, आणि पडदा फाटलेला असेल तर तेल नुकसान करतं.

वेदना फार असेल तर पोट, मूत्रपिंड, हृदय, रक्तदाब, दमा यांचा त्रास नसलेल्या, गरोदर नसलेल्या आणि रक्त पातळ करणारी औषधं न घेणाऱ्या प्रौढाला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम जेवणानंतर, काही दिवसच. बाकीच्यांनी डॉक्टरला विचारून पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅकचा जेल सांध्यावर लावणं हा मधला मार्ग. पावसाळ्यात आणि नंतर इंदुरात डेंग्यूचे दिवस असतात. जबडादुखीबरोबर ताप असेल तर आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक दोन्ही टाळा, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

खाण्याचं. पंधरा दिवस मऊ खायचं म्हणजे पेज पिऊन राहायचं नाही. इंदुरात हे तुलनेनं सोपं आहे: वाफवलेले पोहे चालतात, फक्त वरची शेव वगळा. भुट्ट्याचं कीस उत्तम. बाफला वरणात पूर्ण कुस्करून, तुपाबरोबर. मुगाची खिचडी, दहीभात, उपमा, घावन, दहीवडा. साबुदाण्याची खिचडी मऊ दिसते पण चिवट असते, चावून चावून गाल भरून येतात, तेव्हा उपासाला वऱ्याचे तांदूळ बरे. बंद ठेवायचं ते चिक्की, चकली, कडक शंकरपाळे, ऊस, कच्चा पेरू तोडून खाणं, हिवाळ्यातला कडक तळलेला गराडू, च्युइंग गम आणि जेवणानंतरची सुपारी. 'जबड्याला व्यायाम' म्हणून गम चघळण्याचा सल्ला कुणी दिला तर तो थकलेल्या स्नायूला आणखी राबवण्याचा सल्ला आहे.

घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी चावा. कचोरी, बर्गर, मोठं सफरचंद यांना तोंड वासून चावा घेऊ नका, तुकडे करून खा. पंधरा दिवसांनंतर हळूहळू नेहमीचं खाणं सुरू करा. महिनोन् महिने मऊच खात राहिल्याने स्नायू दुबळा पडतो.

६. व्यायाम: थोडे, हळू, रोज

शेक घेतल्यावर लगेच करा, स्नायू सैल असतो.

१. जीभ टाळूला ठेवून तोंड उघडा, जीभ सुटणार नाही इतकंच. आरशात हनुवटी सरळ रेषेत ठेवा. ६ वेळा, दिवसातून चार-पाचदा. आवाज येणाऱ्या सांध्याला हा फार सोसतो.
२. हनुवटीखाली अंगठा ठेवून हलका विरोध करत तोंड बोटभर उघडा, ५ सेकंद धरा. ५ वेळा.
३. गालाच्या स्नायूला बोटांनी गोल मालिश, एक-दोन मिनिटं. दात सुटे ठेवून.
४. तीव्र दुखणं ओसरल्यावरच: अंगठा वरच्या, तर्जनी खालच्या पुढच्या दातांवर टेकवून हलका ताण, १० ते १५ सेकंद, ३ वेळा. ताण जाणवावा, कळ येऊ नये.

जांभई आली की जीभ टाळूला लावा किंवा हनुवटीखाली मूठ धरा. व्यायामानंतरचं दुखणं तासाभरात उतरलं नाही तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. मानेकडेही बघा: मोबाइल पोटाशी धरून मान पुढे काढली की जबडा मागे ओढला जातो.

७. रात्र

झोपेतलं दात खाणं इच्छेने थांबत नाही. झोप क्षणभर उथळ होते, हृदयाचा वेग वाढतो, त्याबरोबर जबड्याचे स्नायू चालू होतात. २०१८ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकमताने असं मांडलं की अन्यथा निरोगी माणसात दात खाणं हा आजार नव्हे, स्नायूंची एक हालचाल आहे. ती दुखणं किंवा झीज वाढवणारा धोका ठरू शकते. म्हणून ती पूर्ण बंद करण्याचा हट्ट धरू नका. झोप तोडणाऱ्या गोष्टी कमी करा.

चहा-कॉफी दुपारी चारनंतर नको. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात. दारू आणि तंबाखू दोन्ही दात खाणं वाढवतात. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात अकराला खाऊन बाराला आडवं झालं की आंबट वर येतं, आणि आम्लपित्ताचा या त्रासाशी संबंध आहे. सराफा सोडा असं कोण म्हणेल. आठवड्यात एखाद्या रात्री, आणि झोपण्याआधी दोन-तीन तास मोकळे ठेवून. पालथं झोपून गाल उशीत दाबू नका.

घोरणं, श्वास अडकणं, सकाळची डोकेदुखी, दिवसा पेंग, न आटोक्यात येणारा रक्तदाब: यातलं दोन-तीन असेल तर गार्डच्या आधी झोपेची तपासणी. फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांसारख्या नैराश्य-चिंतेवरच्या औषधांनी काहींना दात आवळणं सुरू होतं. ती स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं.

लहान मुलांचं वेगळं. 'दात खातो म्हणजे पोटात जंत' हे प्रत्येक घरात ऐकू येतं. जंतांचं औषध जंतांसाठी द्या, त्याने करकर थांबेलच असं नाही. बहुतेक मुलांची सवय मोठं होता होता सुटते. टॉन्सिल वाढून मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर मात्र दाखवा.

८. दवाखान्यात जाताना

दोन-तीन आठवडे वरचं सगळं करूनही फरक नसेल, किंवा तोंड ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर जा. एमवाय रुग्णालयाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा कुठल्याही डेंटल कॉलेजात पहिली पर्ची ओरल मेडिसिन (तोंडाच्या आजारांचं निदान करणाऱ्या) विभागाची काढा. खासगीत जायचं तर जबड्याचा सांधा नियमित बघणारा प्रोस्थोडॉन्टिस्ट (कृत्रिम दात, कॅप बसवणारा दंततज्ज्ञ) किंवा ओरल सर्जन शोधा. जबड्याचं काम करणारा फिजिओथेरपिस्ट मिळाला तर सोडू नका.

बरोबर न्या:

- दोन आठवड्यांची वही आणि तोंड किती उघडतं त्याचं माप
- चालू औषधांची यादी
- जुने एक्स-रे
- जबडा अडकतो किंवा वाजतो त्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ
- ओळखपत्र, आणि विमा असेल तर तो अशा बाह्यरुग्ण खर्चाला लागू होतो का याची आधीच केलेली चौकशी (सहसा होत नाही)

ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचा लांब एक्स-रे. त्यात हाडं, दाढा दिसतात. चकती दिसत नाही. चकतीसाठी एमआरआय लागतो आणि तो फक्त उपचार बदलणार असेल तरच करायचा.

सगळ्यात महाग सापळा इथे आहे. गालाच्या स्नायूचं दुखणं मागच्या दाढांमध्ये जाणवतं. दाढ निरोगी, पण दुखतेय असं वाटतं, आणि रूट कॅनल होऊन जातं. दुखणं तसंच राहतं, मग शेजारच्या दाढेचा नंबर. त्यामुळे विचारा: दाढेला गार लावून, ठोकून पाहिलंत का? त्याच दाढेत एक्स-रेवर काही दिसतं का? गालाचा स्नायू दाबून पाहिलात का?

९. गार्ड घ्यायचाच तर

गार्ड दात झिजण्यापासून वाचवतो. दात खाणं तो थांबवत नाही आणि दुखणं कमी करेल याची हमी नाही. २०२३ मध्ये बीएमजे या नियतकालिकात जुन्या जबडादुखीसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या सूचना आल्या. त्यांनी देखरेखीखालचे व्यायाम, हातांनी केलेली फिजिओथेरपी आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत यांना पुढे ठेवलं. नुसता काढता येणारा गार्ड हा वेदनेवरचा उपाय म्हणून मागे.

चांगला गार्ड कडक अॅक्रिलिकचा, एका जबड्याचे सगळे दात झाकणारा, मापाने बनवलेला असतो. फक्त पुढच्या दातांवर बसणारे छोटे तुकडे टाळा: रोज वापरले तर मागच्या दाढा सरकून चावा बदलू शकतो, आणि ते गिळलेही जाऊ शकतात. गरम पाण्यात मऊ करून चावायचे ऑनलाइन गार्ड स्वस्त, पण काहीजण ते रात्रभर चघळतात आणि सकाळी जास्त दुखतं. बसवल्यावर एक-दोन आठवड्यांनी घासून जुळवून घ्यायची भेट किमतीत धरली आहे का, हे आधी विचारा. ती भेट नसेल तर तो अर्धाच गार्ड.

सकाळी गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. गरम पाण्याने वाकतो, टूथपेस्टने ओरखडे पडतात. कोरडा करून डबीत. सकाळी गार्ड काढल्यावर दात नेहमीसारखे जुळत नाहीत असं तासाभरापेक्षा जास्त वाटत राहिलं तर वापर थांबवून दाखवा.

१०. याला लगेच हो म्हणू नका

चावा जुळवण्यासाठी निरोगी दात घासणं, सगळ्या दाढांना कॅप, केवळ सांध्यासाठी तारा लावणं, चकती काढण्याची शस्त्रक्रिया. यातलं काहीच मागे फिरवता येत नाही आणि साध्या जबडादुखीला याची क्वचितच गरज असते. निदान दुसऱ्या कॉलेजात किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे मत घ्या. बोटॉक्स म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, त्याचा परिणाम तीन-चार महिने टिकतो आणि ओसरतो, पण तो पहिला उपाय नव्हे. सांधा धुऊन काढण्याची सुईची छोटी प्रक्रिया अडकलेल्या सांध्याला उपयोगी पडते, तीही योग्य निदानानंतर.

११. अचानक अडकला तर

दोन प्रकार. रोजचा 'कट' आवाज एकाएकी बंद झाला आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना: चकती अडली आहे. जोर लावून उघडू नका. शेक, मऊ खाणं, आणि दोन-चार दिवसांच्या आत डॉक्टर. जितक्या लवकर हाताळलं जातं तितकी ती सुटण्याची शक्यता जास्त.

दुसरा: मोठी जांभई दिली आणि तोंड उघडंच राहिलं, मिटेना. सांधा निखळला आहे. घरच्या कुणालाही तो ढकलून बसवू देऊ नका, हाड मोडू शकतं आणि बसवणाऱ्याची बोटं दातांत सापडतात. हनुवटीला हाताचा आधार द्या, लाळ पुसायला फडकं घ्या, काही खाऊ-पिऊ नका, आणि रात्र असली तरी आपत्कालीन विभागात जा. बसवल्यानंतर काही आठवडे मोठी जांभई आणि मोठा घास बंद, आणि दाताचं काही काम करायचं असेल तर मध्ये मध्ये तोंड मिटायला वेळ द्या असं खुर्चीत बसण्याआधीच सांगा.